आहेराचं डिझेल

कामिसावा,
ऐन कडाक्याच्या थंडीत

अरिमुरा तामेहिको व्याहीबुवांना, नुमाता इसाबुरोचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर सध्या तशीही वाकलेलीच आहे, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत. ती का वाकली ते पुढे येईलच.)

आपल्याकडे सगळे बरे ना? विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि समोरचा तो धुमसणारा डोंगर काय म्हणतो? मागच्या खेपेला आपण लिहिलं होतं की राख इतकी पडते, की धुतलेले कपडे वाळत घालावेत की झटकत बसावं तेच कळत नाही. आमच्याकडे राखेच्या जागी बर्फ आहे, एवढाच काय तो फरक. सध्या सकाळी दार उघडलं की पहिल्याच श्वासाला नाकातले केस काड्यांसारखे ताठ उभे राहतात. आमची हात्सुए म्हणते, बाहेरचा थर्मामीटर बघून घरात येईपर्यंत तो आकडा शिळा झालेला असतो. पण तब्येती ठणठणीत आहेत. आपली नात सुझुनो खालचे दोन दात घेऊन सगळ्यांना हसून दाखवते आणि ते दात कुठे कुठे लागतात तेही दाखवते. आपली मिनाहो इथे छान रुळली आहे. हेरिंग माशाचं आमचं हिवाळी लोणचं तिने यंदा स्वतः घातलं. त्यात तिने आपल्याकडचा गोड सोयासॉस घातला, तेव्हा मी पहिल्या घासाला जरा थबकलो; पण आता गंमत अशी झाली आहे की शेजारच्यांचं लोणचं मला अळणी लागतं. सून घरात आली की सासऱ्याची जीभसुद्धा माहेर बदलते म्हणायची.

आपलं पत्र मिळालं. नातीच्या पहिल्या बाहुल्यांच्या सणाला आजोळहून बाहुल्या यायच्या हा आपला रिवाज, आणि आपण तो असा मनापासून पाळताहात हे वाचून हात्सुएने पदराने, म्हणजे एप्रनने, डोळे पुसले. राजा, राणी, तीन दासी, पाच वाजंत्री, सगळा सात पायऱ्यांचा संच! तो कुरिअरवाल्याच्या हाती द्यायचा नाही, कारण राणीच्या नाकाला आधीच एकदा टवका उडालेला आहे, म्हणून आपण फेब्रुवारीत स्वतःच ट्रक घेऊन निघणार, मैझुरूला बोटीवर चढणार, ओतारूला उतरणार आणि तिथून घाट ओलांडून आमच्या दारात येणार, हे सगळं मी चहा पीत वाचत होतो. पुढे आपण लिहिलंत, ‘वाटेत परक्या पंपावर कुठेही थांबणार नाही. घरून टाकी काठोकाठ भरून घेईन, वर डबे असतीलच, बोटीवर चढण्याआधी त्यांतूनच पुन्हा काठोकाठ भरीन.’ तिथे माझा चहा घशात अडकला. का अडकला, ते सांगायचं आहे आणि सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून आधी आमच्या ट्रॅक्टरची हकीकत ऐका. ती ऐकता ऐकता आपल्याला आपोआप उमगलं तर माझं अर्धं काम झालं.

आमचा लाल ट्रॅक्टर आपण पाहिलाच आहे. जीव लहान, घोंगड्याखाली झाकला तर कोणाला वाटेल बैल बसला आहे. उन्हाळ्यात तो घेवड्याच्या वाफ्यांमधून फिरतो, आणि हिवाळ्यात त्याच्या तोंडाला बर्फ उडवायचं यंत्र लावलं की आमच्या गल्लीचा तो मालक. नगरपालिकेचा बर्फ सारायचा मोठा नांगर सडकेवरूनच निघून जातो. सडकेपासून आत आमच्या घरापर्यंत आणि तिथून पुढे सेत्सु आजींच्या घरापर्यंतची चिंचोळी वाट माझ्याकडे. सेत्सु आजी एकट्या राहतात, नव्वदीला टेकल्या आहेत, आणि त्यांचं रक्त धुवायला दवाखान्याची गाडी त्यांना आठवड्यातून तीनदा घेऊन जाते. वाट मोकळी नसली तर गाडी आत येत नाही. आणि गाडी चुकली तर काय, हे आजी स्वतःच सांगतात, ‘चुकली तर मी आतल्या आत नासते रे, दुधासारखी.’ तेव्हा या लहान लाल जनावराच्या मागे काय लटकलेलं आहे ते आपल्या लक्षात आलं असेल. माझा मुलगा, म्हणजे आपला जावई र्योसाकु, बीटच्या साखर कारखान्यात हंगामभर आठवडेच्या आठवडे अडकलेला, म्हणून घरात पुरुष मी एकटा. (हात्सुए म्हणते, ‘आणि तोही अर्धा.’ हे लिहू नका असं तिचं म्हणणं आहे, पण लिहून झालं.)

आता नोव्हेंबर आठवा. बाळ बघायला आपण ट्रकने आला होतात. जाताना आपण माझ्या नकळत गोठ्यात डिझेलचे दोन डबे ठेवलेत, आणि त्यांच्यावर आहेराचा पांढरा कागद गुंडाळून लाल-पांढरा दोरा बांधलात. कागदावर ब्रशने सुरेख अक्षरात ‘लेकीला सांभाळता त्याबद्दल.’ मी आयुष्यात आहेरात तांदूळ घेतले, साबण घेतले, खारवलेला मासा घेतला, पण डिझेलच्या डब्याला दोरा बांधलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला गहिवरून आलं. हात्सुए तर तो कागद अजून देवघराजवळ ठेवून आहे. आपल्याला असं वाटलं असणार की दूरच्या मुलखातलं तेल कसं असेल कोण जाणे, निदान व्याह्यांच्या यंत्राच्या पोटात आपल्या कागोशिमाचं खात्रीचं जावं. यात प्रेमाशिवाय काही नाही. हे मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना आपल्या भुवया वर जाणार नाहीत.

आणि आहेर आला की तो वापरायचा. पडून ठेवला तर देणाऱ्याचा अपमान, तोही व्याह्यांचा! म्हणून मी काय केलं, तर आमच्या इथल्या पंपावरून आणलेलं हिवाळ्याचं डिझेल भिंतीशी सारलं आणि आपले डबे पुढे ओढले. त्या वेळी ट्रॅक्टरच्या टाकीत अर्धं माझं होतं, वरून मी आपलं ओतलं. दोघांचं गोत्र जमलं. डिसेंबर यंदा मवाळ होता, यंत्र पहिल्या हाकेला उठायचं. चावी अर्धी फिरवायची, आतली सळई तापल्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं (तेवढ्यात मी त्याला ‘सुप्रभात’ म्हणतो, म्हणायला काय जातं), मग चावी पुढे, की खाकरून चालू. जसजसं टाकीतलं माझं संपत गेलं, तसतसा मी मोठ्या आदराने आपलंच भरत गेलो. असं करता करता जानेवारी सरत आला, तेव्हा त्याच्या पोटात शुद्ध कागोशिमा होतं.

आणि मग थंडी आली. म्हणजे ती खरी. झाडांच्या खोडांचा फटाक्यासारखा आवाज यायला लागला की आम्ही समजतो. त्या सकाळी रविवार होता आणि रात्रभर पडलेला बर्फ दाराच्या कडीपर्यंत. मी गोठ्यात गेलो, चावी अर्धी, दिवा विझला, सुप्रभात, चावी पुढे. यंत्र चालू झालं! मी हातमोजे चढवतो न चढवतो तोच एक उचकी देऊन बंद. पुन्हा चावी. या खेपेला नुसतं कण्हलं. तिसऱ्या वेळी पांढरा धूर सोडला, जणू म्हणतंय की इसाबुरो, माझ्याच्याने होत नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार, सेत्सु आजींच्या गाडीचा दिवस.

व्याहीबुवा, मी यंत्राच्या शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते बिघडवून शिकलो. पण एवढं मला कळतं की चालू होऊन बंद पडणारं इंजिन उपाशी असतं. पोटात आहे पण घशाखाली उतरत नाही, अशातला प्रकार. आणि इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की थंडीत असं झालं तर पहिल्यांदा विचारायचं, टाकीत तेल कुठलं आहे? पण मी ते विचारलं नाही. म्हणजे मनात प्रश्न यायचा, दाराशी उभा राहायचा, आणि मी त्याला म्हणायचो, ‘अहो, तुम्ही व्याह्यांकडचे, बसा बसा,’ आणि दुसऱ्यालाच संशयात धरायचो. आधी बॅटरी धरली. ती काढून घरात आणली आणि स्टोव्हजवळ ठेवली, सुझुनोच्या शेजारी. दोघी दुपारभर एकमेकींकडे बघत होत्या. बॅटरी निर्दोष. मग तापणारी सळई धरली. तीही निर्दोष. मग मी उंदरांवर आळ घेतला. गवत आणून नळीत कोंबतात ते. नळी सोडली, फुंकली, तोंडात जे आलं ते उंदराचं नव्हतं एवढं सांगतो. शेवटी मी माझ्या वयावर घसरलो. कदाचित चावी फिरवणारा हातच म्हातारा झाला असेल.

तेवढ्यात गोनपाची आला. हा खालच्या अंगाला राहणारा ओनोदेरा, गाई पाळतो, माझ्याबरोबर शाळेत होता आणि तेव्हापासून मला शिकवायचं त्याने सोडलेलं नाही. त्याचा ट्रॅक्टर एवढा थोराड की आमच्या वाटेत शिरलाच तर शेजारच्या कोठाराची भिंत घेऊन बाहेर पडेल. तो दारात उभा राहून बघत राहिला.

‘इसाबुरो, लेका, तेल कुठलं भरलंयस?’

‘तेल चांगलं आहे.’

‘चांगलं वाईट विचारलं नाही. कुठलं?’

‘घरचं.’

‘तुझ्या घरी कधीपासून विहीर लागली डिझेलची?’

मी पुन्हा नळी फुंकायला घेतली, कारण मागच्या दारात मिनाहो बाळाला पाठीशी बांधून उभी होती. सून घरात असताना तिच्या बापाच्या आहेराला नावं ठेवायची म्हणजे काय? गोनपाची आपला म्हणतो, ‘मग थोडं रॉकेल मिसळ, पातळ होईल.’ हे तर अजिबातच शक्य नव्हतं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं हा कराचा गुन्हा आहे, आणि तपासणीवाले रस्त्यात थांबवून टाकीतून नमुना काढतात. या वयात, नातीच्या पहिल्या सणाच्या तोंडावर, रॉकेलचोर म्हणून नाव लावून घेऊ? त्या कल्पनेनेच मला घाम फुटला आणि तो भुवयांवर गोठला.

त्यानंतर जे घडलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. हात्सुएने ट्रॅक्टरला आजारी माणूस समजून शुश्रूषा चालवली. त्याच्या डोक्यावर जुनी गादी घातली. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून इंजिनाजवळ ठेवली. आणि कमरेला चिकटवायच्या गरम पुड्या असतात ना, त्या स्वतःच्या कमरेच्या काढून तिने डिझेल गाळणाऱ्या वाटीला चिकटवल्या. मी म्हटलं, ‘अगं, तुझी कंबर?’ ती म्हणाली, ‘माझी कंबर सेत्सु आजींना दवाखान्यात नेणार आहे का?’ मग दोघं गादीखाली डोकं घालून कुजबुजत होतो. ती म्हणाली, ‘अहो, मला एक शंका येते.’ मी म्हटलं, ‘मलाही येते, पण बोलू नकोस.’ ती म्हणाली, ‘मी काय बोलणार आहे ते तुम्हाला कसं ठाऊक?’ मी म्हटलं, ‘म्हणूनच बोलू नकोस.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ज्या शंकेचं नाव घ्यायचं नाही तिच्यावर आमचं असं एकमत कधी झालं नव्हतं.

सोमवार उजाडला. यंत्राने एकदा डोळे उघडले, हात्सुएच्या पुड्यांची ऊब तेवढ्यापुरती त्याला मिळाली असावी, दारापर्यंत आलं, आणि उंबऱ्यातच पुन्हा मान टाकली. आता ते आतही जाईना आणि बाहेरही. दवाखान्याची गाडी सडकेवर येऊन थांबलेली दिसत होती. शेवटी मी आणि गोनपाचीने बर्फावरची लाकडी घसरगाडी काढली (आपण पाहिलेली, बटाट्याची पोती ओढतो ती), तिच्यावर उशा, घोंगडी, आणि त्यांच्यात सेत्सु आजी. तो पुढून दोर ओढतोय, मी मागून ढकलतोय, कमरेपर्यंत बर्फ. माझ्या छातीत भाता चाललेला. आणि आजी वर बसून, फक्त डोळे दिसताहेत, सूचना देताहेत.

‘गोनपाची, डावीकडून! मला पोतं समजू नकोस, बटाटे बोलत नाहीत.’

‘तेच तर बरं असतं, आजी.’

‘आणि इसा, पोरा, तू का हुंदके देतोयस?’

‘धाप लागली, आजी.’

‘मी लग्न होऊन या वाटेने अशीच घसरगाडीवर आले. तेव्हा घोडा होता. तो इतका बोलत नव्हता.’

कोठाराच्या वळणावर घसरगाडी कलली. मी तिला खांद्याने अडवली, आणि तिथेच माझी कंबर गेली. तिथून मला आजींचा हात दिसला, घोंगडीची कड नखं रुतवून धरलेला. बोलत होत्या त्या आमच्यासाठी, व्याहीबुवा. आपण भ्यालो हे आम्हाला कळू नये म्हणून. गाडीत बसवल्यावर त्यांनी काच खाली घेतली आणि म्हणाल्या, ‘बुधवारी पुन्हा असंच नेणार असलास तर सांग, मी घंटा बांधून येते.’ ड्रायव्हर हसला, गोनपाची हसला. मला हसू आलं नाही. बुधवारी पुन्हा बर्फ पडणार असं रेडिओ सांगत होता, आणि माझी कंबर तोवर उभी राहणार नव्हती हे मला ठाऊक होतं.

घरी परत आलो, तो हात्सुए लोणच्याची काचेची बरणी घेऊन ट्रॅक्टरपाशी उभी. म्हणाली, ‘बोलायचं नाही ना? मग बघायला तर हरकत नाही.’ मी टाकीच्या तळाचा नळ सोडला. थेंब आला तो तेलासारखा नव्हे. डुकराच्या हाडांचा रस्सा रात्रभर बाहेर राहिला की वर जो पांढरा सायीसारखा थर थिजतो, तसा लोळत लोळत आला. बरणीत दूध घातल्यासारखं दिसू लागलं. तळाशी मेणाचे कण. गाळणीची वाटी उघडली, तर कागदी गाळणीवर मेणबत्ती वितळून बसावी असा लेप. मग भिंतीशी सारून ठेवलेलं आमचं हिवाळी डिझेल दुसऱ्या बरणीत घेतलं. तेही त्याच गोठ्यात, त्याच थंडीत होतं. ते पाण्यासारखं हललं. दोन्ही बरण्या गादीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे असे बघत होतो, जसं मुलीच्या घरचे आणि मुलाच्या घरचे पहिल्यांदा समोरासमोर बसतात.

आणि मागून आवाज आला, ‘हे माझ्या बाबांचं ना?’

मिनाहो. कधी आली कळलंच नाही. मी बरणीवर टोपी टाकली. (टोपीला अजून वास येतो.) म्हटलं, ‘छे छे, पोरी, हे... हे जुनं आहे.’

‘मामंजी, हे कागोशिमाचं आहे. मला रविवारीच कळलं होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही दोघं इतकं लपवत होतात, मला वाटलं मी बोलले तर तुम्हाला वाईट वाटेल.’

बघा व्याहीबुवा! एका घरात तीन माणसं, तिघांनाही ठाऊक, आणि तिघंही दुसऱ्याचं मन राखायला गप्प. आणि त्या मनं राखण्यात एक नव्वदीची बाई बटाट्याच्या गाडीवर. मला हसू आलं आणि त्याच वेळी कमरेत कळ आली, त्यामुळे मी कुठल्या कारणाने ओरडलो ते कोणालाच समजलं नाही.

पुढचं काम मिनाहोनेच केलं. मी गादीवर उताणा पडून सांगत होतो आणि ती करत होती. टाकीतलं आपलं डिझेल काढलं, (सांडलं नाही, थेंब न् थेंब परत आपल्याच डब्यात भरला,) नवी गाळणी बसवली, नळीत केस वाळवायच्या यंत्राची ऊब दिली, इथलं हिवाळी डिझेल भरलं, पेच सैल करून हातपंपाने नळीतली हवा काढली. चावी अर्धी. दिवा विझला. ती ट्रॅक्टरला म्हणाली, ‘सुप्रभात.’ आपल्याकडच्या हेलात म्हणाली. आणि तो लबाड पहिल्या हाकेला उठला! बुधवारी पहाटे बर्फ पडलाच, पण गाडी थेट सेत्सु आजींच्या पायरीशी जाऊन लागली. आजी जरा नाराज दिसल्या. घंटा शोधून ठेवली होती म्हणे.

तर अशी ही हकीकत. आपल्या डिझेलमध्ये काडीचाही दोष नाही. ते आपल्याकडच्या हवेसाठी केलेलं, आपल्याकडे ते उत्तमच. इथल्या थंडीत त्याच्यातलं मेण थिजतं, एवढंच. माणसाचंही तसंच आहे. मला आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणलं तर मीही उंबऱ्यात मान टाकीन. आता सारं सुरळीत आहे, कसलीही काळजी करू नये. विहीणबाईंना गुडघा शेकायला सांगावं. सुझुनो आपल्या वाटेकडे दोन दातांनी डोळे लावून बसली आहे. लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर ते कमरेचं समजून पोटात घालावं.

आपला,
नुमाता इसाबुरो

ता. क. काळजी करू नये असं वर लिहिलं खरं, पण मी स्वतः आपलं पत्र आल्यापासून धड जेवलेलो नाही. माझा ट्रॅक्टर माझ्या उंबऱ्यात बंद पडला. हाकेच्या अंतरावर बायको, किटली, गादी, शिव्या द्यायला गोनपाची. आपला ट्रक बंद पडेल तो घाटात. तिथे वारा असतो आणि बर्फ आडवा येतो, आणि इंजिन बंद म्हणजे ऊबही बंद, सोबतीला राजा, राणी आणि पाच वाजंत्री. तेव्हा हात जोडून विनंती, मैझुरूला टाकी काठोकाठ भरू नका. जवळजवळ रिकामी घेऊन बोटीवर चढा आणि ओतारूला उतरल्या उतरल्या इथलं हिवाळी डिझेल भरा. हे फोनवर सांगितलं असतं, पण मिनाहो म्हणाली, ‘बाबा फोनवर हो हो म्हणतील आणि मनाचं करतील. पत्र मात्र ते देवापुढे ठेवून वाचतात.’ म्हणून पत्र.

ता. क. दुसरा. परक्या पंपाचं आपल्याला चालत नाही हे मी विसरलेलो नाही. त्यावर तोड काढली आहे. र्योसाकु रजा घेऊन ओतारूच्या धक्क्यावर उभा राहील. त्याच्याजवळ दोन डबे असतील. त्यांच्यावर पांढरा कागद, लाल-पांढरा दोरा, आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘लेक दिलीत त्याबद्दल.’ हा आमचा परतीचा आहेर. आणि व्याह्यांचा आहेर आला की आपलं बाजूला सारून आधी तो वापरायचा, हे मी आपल्याला सांगायला नको. मी वापरला होता.

ता. क. तिसरा. हे मी, हात्सुए, लिहिते आहे. हे कंबर शेकायला गेलेत. दोऱ्याची युक्ती यांची नव्हे, मिनाहोची, आणि यांनी ती आपली म्हणून लिहिली आहे, तर लिहू द्या. या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात डिझेलचा शब्दच नव्हता, फक्त हवामान होतं. तुमच्या ट्रकचं नाव निघालं की हे उठून खिडकीतून घाटाच्या दिशेला बघतात, आणि घाट इथून दिसतसुद्धा नाही. तुमचं डिझेल आम्ही जपून ठेवलंय. मे महिन्यात चेरी फुलली की ट्रॅक्टर तेच पिऊन घेवड्याची जमीन नांगरेल, कागदसुद्धा परत बांधून ठेवलाय. माझी लोणच्याची बरणी मात्र वाया गेली, तेवढी येताना एक आणा. उशीर झाला तरी चालेल, राणीचं नाक पुरतं उडालं तरी चालेल, बाहुल्यांशिवाय आलात तरी चालेल. पोरीला आजोबा हवेत. टाकी आणि पोट, दोन्ही रिकामी घेऊन या.